रसायनाचा दुसरा वर्ग

शनिवार, १७ ऑगस्ट १९३५. सकाळी साडेअकरा वाजता तुळशीराम तांडेलाची होडी करंजखोलच्या बंदराला लागली. निघताना तिच्यावर सात माणसं होती. उतरली सहा. सातवा तुळशीरामचा मुलगा हिरामण. वय बावीस, मुंबई विद्यापीठाचा बी.एस्सी., विषय रसायनशास्त्र, वर्ग दुसरा.

वर्ग सांगायचं कारण आहे. तो पहिला असता तर हिरामण त्या होडीवर नसता.

करंजखोल म्हणजे हरिहरेश्वरच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडावर वसलेला ऐंशी उंबऱ्यांचा कोळीवाडा. १९३१ साली या वाड्यातली दोन मुलं एकाच वेळी मॅट्रिक झाली. एक हिरामण, दुसरा जमातीचे, म्हणजे वाड्याच्या कोळी पंचायतीचे, पाटील गुणाजी यांचा मुलगा चांगदेव. त्याआधी वाड्यातून कोणी मॅट्रिकला बसलंही नव्हतं. जमातीनं दोघांनाही मुंबईला शिकायला पाठवलं आणि दोघांना वल्ह्यातून, म्हणजे होडीवरच्या कामातून, सूट दिली. सूट शिक्षण संपेपर्यंतची होती. मुंबईत ज्ञातीचं वसतिगृह होतं आणि त्यात दर गावाला दोन खाटा मिळत. १९३५च्या जूनपासून वसतिगृहानं नियम बदलला. जागा अपुरी पडते, म्हणून दर गावाला एकच खाट. म्हणजे दोघांपैकी एकानं पुढे एम.एस्सी. करायचं आणि दुसऱ्यानं परत येऊन होडी धरायची.

कोणी परत यायचं, हे ठरवायला जमात रविवारी, १६ जूनला देवळासमोरच्या मांडवात बसली. निकाल वर्तमानपत्रात छापून आला होता. शाळेचे धर्मा मास्तर जमातीचं लिखाण सांभाळत. त्यांनी तो कागद कापून वहीत चिकटवला होता. त्यांनी उभं राहून वाचलं, "चांगदेव गुणाजी, वनस्पतिशास्त्र, पहिला वर्ग. हिरामण तुळशीराम, रसायनशास्त्र, दुसरा वर्ग."

"झालं तर," कोणीतरी म्हणालं.

"झालं कसं?" मोरूआजा म्हातारा होता आणि त्याला कोणी अडवत नसे. "चांग्या चार वर्सं झाडांची पानं मोजीत बसला. पानं वळखून पयला नंबर मिळतो तर आमची शेळी कलेक्टर व्हईल."

मांडव हसला. चांगदेवही हसला. मग हिरामण उभा राहिला. तो फार बोलणारा नव्हता, पण त्या दिवशी बोलला.

"रसायनात पहिला वर्ग कोणालाच नाही. यादी बघा. वनस्पतीला पहिल्या वर्गात चार नावं आहेत. रसायनाखाली थेट दुसऱ्यापासून सुरुवात आहे."

धर्मा मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "व्हय. तसंच छापलंय."

"मग तुझा नंबर कितवा?" गुणाजींनी विचारलं.

"ते यादीत नसतं, काका. नावं बैठक क्रमांकानं लावलेली असतात. पण आम्हाला प्रात्यक्षिकाला एका बाटलीत सहा क्षार मिसळून देतात. दोन दिवसांत एकेक वेगळा करून ओळखायचा. पाच ओळखले आणि सहावा चुकला तर..."

"हरलेला तांडेल वाऱ्यालाच शिव्या देतो रे बाबा," मागून सदा म्हणाला. सदा तुळशीरामच्याच होडीवरचा. त्याच्या मनात वाकडं नव्हतं. त्यानं होड्यांच्या शर्यतीतली म्हण शर्यतीच्या जागी वापरली एवढंच. पण मांडव पुन्हा हसला आणि हिरामण खाली बसला.

करंजखोलमध्ये सुक्या मासळीची प्रत कशी लावतात, हे सगळ्यांना माहीत होतं. बोंबील वलांडीवरून, म्हणजे बांबूच्या आडव्या काठ्यांवरून, उतरला की बायका त्याचे तीन ढीग करतात. कडक वाळलेला, पांढरा, तो पहिला. एखादा पाऊस लागलेला, पिवळट, तो दुसरा. मोडका, ओला, तो तिसरा. दुसऱ्या ढिगातला बोंबील पुन्हा उन्हात घातला तरी पहिल्यात येत नाही. माल एकदा दुसरा तो दुसराच. जमातीतल्या तीसेक पुरुषांनी निकालाचा कागद याच रीतीनं वाचला. त्यांना फसवायचं नव्हतं. आयुष्यभर ज्या मापानं ते माप घेत आले, त्याच मापानं त्यांनी घेतलं.

बायका मांडवात बसत नसत. हिरामणची आई केसर बाहेर पारावर जाळ्याला गाठी मारत होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. जमातीची सगळ्यात चांगली प्रत लावणारी बाई तीच. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "पाटील, बोंबलाची प्रत बोंबलात लावतात. जवळ्याच्या ढिगाशेजारी ठेवून कोण लावतं?"

बाईच्या बोलण्याला मांडवात उत्तर द्यायची पद्धत नव्हती. पण गुणाजींनी ते ऐकलं होतं. गुणाजी न्यायानं वागणारा माणूस, आणि मुलगा आपला असल्यामुळे त्या दिवशी जरा जास्तच सावध होते. त्यांनी चांगदेवला विचारलं, "तू सांग. दोन्ही विषय तुला ठावं हायत. हिरामणचा दुसरा तुझ्या पयल्याएवढा हाय का न्हाय?"

चांगदेवनं खाली बघितलं. धर्मा मास्तरांच्या वहीत पुढे लिहिलं आहे: "चांगदेव काही बोलला नाही."

यावर चांगदेवचं म्हणणं नंतर असं पडलं की, त्याला खरंच सांगता आलं नाही. वनस्पतीचा अभ्यास म्हणजे पानं मोजणं नव्हे. देठाचा काप वस्तऱ्यानं इतका पातळ घ्यावा लागतो की त्यातून छापील अक्षर वाचता यावं. त्यासाठी त्याच्या बोटांना चार वर्षांत दोनदा टाके पडले होते. आपला पहिला वर्ग फुकटचा होता असं जमातीसमोर म्हणायला तो तयार नव्हता. पण त्याच्या विषयाला नऊ जण बसले आणि नऊच्या नऊ पास झाले, हे त्याला माहीत होतं. रसायनाची मुलं वसतिगृहात परीक्षेच्या आठवड्यात कशी जेवत नव्हती, हेही त्यानं पाहिलं होतं. यातलं काहीही त्या दिवशी तो बोलला नाही.

निवाडा चांगदेवच्या बाजूनं झाला आणि गुणाजींनी मध्ये विडा ठेवला. जमातीत विडा ठेवला की जो हरला त्याच्या घरच्यानं तो उचलायचा. उचलला की निवाडा मान्य, नंतर कोणी बोलायचं नाही. गुणाजींनी मात्र एक सवलत दिली. नारळी पुनवेला दर्यात नारळ पडेपर्यंत मुदत. तोवर विद्यापीठाचा किंवा कॉलेजाचा कागद आला आणि त्यात हिरामणचा नंबर वर असल्याचं निघालं, तर विडा परत घ्यायचा.

हिरामण वडिलांकडे बघत होता. तुळशीराम तीस वर्षं तांडेल होता. त्याच्या शब्दावर सहा माणसं पाण्यात जाळं टाकत. तो उठला, विडा उचलला आणि कमरेला खोचला.

घरी आल्यावर केसर म्हणाली, "उचलायची एवढी घाई कशाची?"

"जमातीपुढं ताटकळत बसायचं का?"

"लेकासाठी बसला असता तर काय झिजला असता?"

"त्याचा कागद येईल. मग आपून परत ठेवू."

दुसऱ्या दिवशी हिरामणनं मुंबईला आपल्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं. मागितलं एवढंच: रसायनाला किती बसले, किती पास झाले, त्यात माझा क्रमांक कितवा.

पावसाळ्यात या किनाऱ्यावर आगबोट येत नाही. डाक मुंबईहून माणगावपर्यंत गाडीनं येते आणि पुढे हरकारा पायी आणतो. दोन नद्या तरीनं, म्हणजे पैलतीराला नेणाऱ्या होडीनं, ओलांडायच्या. करंजखोलला तो सोमवारी आणि गुरुवारी येतो. जुलैचे सगळे सोमवार आणि गुरुवार हिरामण शाळेच्या पडवीत जाऊन बसला. पहिल्या पंधरवड्यात मास्तर विचारायचे, "काय रे, आलं?" नंतर त्यांनी विचारणं सोडलं.

मधल्या दिवसांत तुळशीरामनं त्याला दोर आणि गाठी पुन्हा शिकवायला घेतल्या. खुंटाला डोल बांधायची, म्हणजे समुद्रात रोवलेल्या खांबांना पिशवीसारखं मोठं जाळं लावायचं, हे काम हिरामण अठराव्या वर्षापर्यंत करत होता. चार वर्षांत हात मऊ पडले होते. एका संध्याकाळी सदा म्हणाला, "बी.एस्सी., गाठ उलटी मारलीस." हिरामण हसला आणि गाठ सोडून पुन्हा मारली. चांगदेव तेव्हा तिथेच होता. वसतिगृहाची खाट त्याच्या नावे झाली होती, पण नारळ पडेपर्यंत तो मुंबईला गेला नाही. का, हे त्याला कोणी विचारलं नाही.

गुरुवारी, ८ ऑगस्टला हरकारा आला नाही. माणगावच्या पुढची नदी भरली होती आणि तरीची होडी बंद होती. सोमवारी, १२ तारखेलाही आला नाही.

बुधवारी, १४ तारखेला नारळी पुनव होती. दुपारी वाडा वाजतगाजत बंदरावर गेला. गुणाजींनी नारळ हातात घेतला आणि टाकण्याआधी वाटेकडे पाहिलं. वाटेवर कोणी नव्हतं. त्यांनी थोडा वेळ काढला. मग कोणीतरी ओहोटी लागल्याचं सांगितलं आणि नारळ पाण्यात पडला.

गुरुवारीही हरकारा आला नाही. शुक्रवारी होडी रंगवून झाली. शनिवारी पहाटे ती निघाली.

घडलं ते असं. पावणेआठच्या सुमारास ओहोटी थांबून पाणी उभं राहिलं. डोल ओढायची हीच वेळ. हिरामण नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, दोराजवळ उभा होता. पाणी फिरलं तसा दोर ताणला गेला. तुळशीरामचं म्हणणं, पोराचा पाय दोराच्या वेटोळ्यात होता, त्यानं तो बघितला नाही. सदाचं म्हणणं, हिरामणनं बघितला होता आणि सोडवायला तो वाकला होता. तिसरा माणूस जवळ होता तो म्हणतो, त्याला फक्त दोर दिसला, माणूस दिसला नाही. सदानं लगेच पाण्यात उडी मारली. दोर कापला गेला. साडेतीन तास होडी खुंटांभोवती फिरली. काही सापडलं नाही.

सोमवारी, १९ ऑगस्टला सकाळी नदी उतरल्यावर हरकारा आला. त्याच्याकडे अकरा दिवसांची डाक होती. त्यात हिरामणच्या नावाचं पाकीट होतं, माणगावचा शिक्का ७ ऑगस्टचा. धर्मा मास्तरांनी ते तुळशीरामच्या घरी नेलं. गुणाजी तिथेच होते. केसरनं सांगितलं, "फोडा."

पत्र इंग्रजीत होतं. मास्तर एकेक वाक्य वाचून मराठीत सांगत गेले. विद्यापीठाकडून आकडे मिळायला उशीर झाला त्याबद्दल प्राध्यापकांनी दिलगिरी व्यक्त केली होती. रसायनाला या वर्षी एकेचाळीस बसले, तेरा पास झाले. पहिला वर्ग कोणालाही नाही. तेरा जणांत सर्वांत जास्त गुण हिरामणचे. पहिल्या वर्गाला त्याला चार गुण कमी पडले. दोन विषयांचे वर्ग एकमेकांशेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नसतो, असंही एक वाक्य होतं. शेवटी लिहिलं होतं की, कॉलेजात फेलोची, म्हणजे पुढे शिकता शिकता शिकवण्याची, एक जागा रिकामी आहे, तिला राहण्याची सोयही आहे, आणि तिच्यासाठी हिरामणचं नाव सुचवलं आहे. रविवारी, १ सप्टेंबरपर्यंत येत असल्याचं कळवावं, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल.

मास्तरांनी पत्र खाली ठेवलं. तुळशीराम भिंतीला टेकून बसला होता. त्यानं कमरेचा वाळलेला विडा काढला आणि गुणाजींच्या पुढे ठेवला. गुणाजींनी तो उचलला नाही.

"राहायची पन सोय होती," केसर म्हणाली. "म्हंजे खाटही लागत नव्हती."

मग ती मास्तरांना म्हणाली, "लिवा, येतो म्हणून."

"केसरबाई, मी असं कसं लिवू?"

"मग काय लिवाल? मेला म्हणून? कोणी बघितला? तुमी बघितला?"

दर्यानं माणूस परत दिल्याशिवाय, निदान तीन पुनवा उलटल्याशिवाय, करंजखोलमध्ये कोणाला मेला म्हणत नाहीत, कपाळाचं कुंकू पुसत नाहीत, क्रिया करत नाहीत. तो जमातीचाच नियम आहे. तेव्हा हिरामण येणार नाही असं जमातीला लिहिता येत नाही, आणि येणार असं मास्तरांना लिहिता येत नाही.

पुढच्या दहा दिवसांत उत्तर लिहिण्यासाठी दोनदा बैठक भरली. पहिल्या वेळी मोरूआजा म्हणाला, "मला तवा शेळीचं बोलायला नको होतं," आणि उठून गेला. दुसऱ्या वेळी गुणाजींनी सुचवलं की हिरामण आजारी आहे असं लिहावं. केसर पारावर बसली होती. ती म्हणाली, "खोटं नगं. येतो लिवा." बैठक तशीच उठली.

१ तारखेच्या आत मुंबईला पोचायचं तर पत्र गुरुवारी, २९ ऑगस्टच्या डाकेनं जायला हवं होतं. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता हरकारा करंजखोलहून निघाला. त्याच्या थैलीत वाड्याची तीन पत्रं होती. दोन दिवेआगरला लग्नाच्या बोलणीची. तिसरं चांगदेवच्या हातचं, हिरामणच्या प्राध्यापकांच्या नावावर. ते त्यानं स्वतः बंद करून दिलं. त्यात काय लिहिलं आहे ते त्यानं बापालाही सांगितलेलं नाही.

होडी अजून बंदरात ओढून ठेवली आहे. चांगदेव अजून वाड्यातच आहे, वसतिगृहातली करंजखोलची खाट रिकामी आहे.