डाव्या हाताचा चमचा

मास्तरांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना एकच शब्द ऐकवला, 'उद्या'. शर्ट कधी? उद्या. पँट कधी? उद्या. लग्नाचा कोट असला तर 'उद्या नक्की'. गिऱ्हाइकं चिडायची, नावं ठेवायची आणि पुन्हा त्यांच्याकडेच यायची, कारण मास्तरांनी शिवलेला कपडा अंगावर बसला की बसला. दुकान बंद करून घरी बसल्यावर तरी या शिंप्याच्या मागची घाई सुटायला हवी होती. पण कुणाचं चार दिवस बरं चाललेलं नशिबाला बघवत नाही, हेच खरं.

त्यांच्या बायकोला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. मागे राहिला एकच शब्द, 'नको'. पाणी हवं असलं तरी नको, पंखा लावा म्हणायचं असलं तरी नको. मुलगी रडकुंडीला यायची. मास्तरांना मात्र त्या एका शब्दाचे सगळे सूर ओळखू यायचे. फक्त जेवणाच्या वेळचं नको खरंखुरं असायचं. कुणी भरवायला लागलं की ती ओठ घट्ट मिटायची आणि भिंतीकडे तोंड फिरवायची. उभ्या जन्मात जिने कुणाला आपली चप्पल उचलू दिली नाही, ती दुसऱ्याच्या हातून कशाला खाते! डाव्या हाताने स्वतः खायला बघायची, पण संधिवाताने आखडलेली बोटं अर्धीच मिटायची आणि बारीक दांड्याचा चमचा त्यांतून निसटायचा. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. ते ऐकून तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

म्हणून मास्तर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जाऊन बसले. तिथे एक ताई हौशी मंडळींना लाकूड कोरायला शिकवायची. टेबलाभोवती सगळे पेन्शनीतले गडी आणि दोन बायका, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक ओबडधोबड पक्षी.

"काका, पहिल्यांदा पक्षीच करायचा," ताई म्हणाली.

"मला चमचा हवाय. जाड दांड्याचा, डाव्या हाताचा."

"चमचा पुढे शिकवते ना. अजून दोन-तीन महिने तरी आहेत त्याला."

"पुढचं कुणी बघितलंय, ताई?"

ताईने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मऊ लाकडाचा एक तुकडा पुढे सरकवला. "लाकडातल्या रेषा जातील तिकडे सुरी न्यायची. उलटी नेलीत की ढलपी निघाली म्हणून समजा. आणि अंगठा सांभाळा."

कापडालाही उभा-आडवा धागा असतो, त्यात काय एवढं, असं मास्तरांना वाटलं. हा शहाणपणा पहिल्या चमच्याने उतरवला. खोलगट भाग कोरताना सुरी उलटी गेली, लाकूड टोकापर्यंत चिरलं आणि अंगठाही कापला. जन्मभर कात्री चालवून ओरखडा उठला नव्हता, आणि आता पट्टी बांधून घरी आलेला नवरा बघून ती चक्क हसली. "नको," असं म्हणत हसली. त्या हसण्यावर मास्तरांनी दुसरा चमचा कोरायला घेतला.

या वेळी त्यांनी गळ्यात टेप टाकली, तिच्या मुठीचं माप घेतलं, लाकडावर खडूने आखलं आणि बरोबर रेघेवर कोरलं. मग पॉलिश पेपरने घासून दांडा असा गुळगुळीत केला की बघत राहावं. तिच्या हातात दिला, तर तो सैल! अर्ध्या मिटलेल्या बोटांतून सरळ घसरला.

"मापाला माप कोरलंत?" ताईने विचारलं. "घासण्यात जातं त्याचं काय?"

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "माया ठेवली नाही मी."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. "शिवणीच्या आत जादा कापड ठेवतो आम्ही," ते सांगू लागले, "पुढे माणूस सुटलं, तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. परक्या माणसांच्या कपड्यांत ठेवली हो जन्मभर. आणि हिच्या वेळेला..." पेन्शनीतली माणसं आपापल्या पक्ष्यांकडे बघत राहिली.

तिसऱ्या चमच्याला त्यांनी भरपूर माया ठेवली. थोडं कोरायचं आणि तिच्याजवळ जायचं. "अगं, ट्रायल दे बरं." तिच्या बोटांत दांडा धरवून बघायचा, परत सुरी घ्यायची. इकडे तिचं खाणं दोन घोटांवर आलं होतं. "बाबा, कधी होणार?" मुलीने विचारलं, तेव्हा सवयीने ते म्हणून गेले, "उद्या." मुलगी म्हणाली, "उद्या नळी घालायला बोलावलंय."

त्या दिवशी त्यांनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. दुपार कलायच्या सुमारास चमचा झाला. मुलीने मऊ भाताची वाटी आणली, उशा लावून आईला बसवलं. मास्तरांनी दांडा तिच्या डाव्या हातात दिला. बसला! बोटांनी तो धरून ठेवला. वाटीत चमचा घालायला तिला खूप वेळ लागला, पण कुणी मदत केली नाही. भात भरला. हात उचलला गेला. मास्तरांचा जीव त्या चमच्यात गोळा झाला होता.

चमचा तिच्या तोंडाशी आला, थांबला नाही, आणि हळूहळू मास्तरांकडे वळला.

"नको, नको, मला नको!" मास्तर घाईने म्हणाले. "तू खा. तुझ्यासाठी केलाय गं." आणि त्यांनी तिचं मनगट धरून चमचा तिच्याकडे फिरवला.

चमचा कलंडला. भात चादरीवर सांडला. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, ओठ मिटले आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर चमचा पुन्हा पुन्हा हातात देऊन पाहिला, पण बोटांनी तो धरला नाही.

"बाबा, ती तुम्हाला भरवत होती," मुलगी बाहेरच्या खोलीत म्हणाली.

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "तेव्हाच कळलं होतं. मला वाटलं, तेवढा एक घास तरी तिच्या पोटात जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी नळी घातली. त्यानंतर ती काहीच बोलली नाही, भरवायला कुणाची गरजही उरली नाही.

घरी आणल्यावर मास्तरांनी स्वतःच मऊ भात केला आणि वाटी घेऊन तिच्या उशाशी बसले. तिची बोटं दांड्याभोवती एकेक करून मिटवली. आपला हात काढला की चमचा पडत होता, म्हणून त्यांनी तो काढला नाही. तिचा हात आपल्या हातात धरून त्यांनी भात उचलला, स्वतःच्या तोंडाशी नेला आणि तोंड उघडलं. घासामागून घास, वाटी संपेपर्यंत ते तिच्या हातून जेवले. ती छताकडे बघत होती.