आधी चावी, मग ठोके

वागियेमच्या थोरल्या नातीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. बाळ पस्तीस दिवसांचं झालं की घालतात ते जेवण दोघींचं एकदमच उरकलं आणि दुसऱ्या दिवशी सुंबेरवारू गावाच्या पाणी समितीला जिल्ह्याचं पत्र आलं. गावाच्या पाण्याला कशाकशाचा धोका आहे आणि वेळ आली तर कोण काय करणार, हे लिहून काढायचं होतं. मग एक बाई येऊन परीक्षा घेणार. गाव नापास झालं, तर झरा, टाकी, नळ सगळं जिल्ह्याच्या कंपनीकडे जाणार.

ते पाइप गावाने स्वतःच्या खांद्यावरून डोंगरात चढवले होते. वागियेमचा नवरा पहिला चावीवाला. तो गेल्यावर एकोणीस वर्षं टाकीचं पाणी सोडायची-बंद करायची चावी तिच्याकडेच होती. पत्र ऐकल्यापासून तिला जेवण गोड लागेना.

समितीचे चिटणीस प्रामोनो गुरुजी. त्यांनी चाळीस पानं लिहिली आणि सभेत वाचून दाखवली. दरड कोसळणं, पाइप फुटणं, माकडांनी टाकीचं झाकण उघडणं, कोणी वैऱ्याने शेतावरचं विषारी औषध ओतणं, काही सुटलं नव्हतं.

"औषध पडलं, तर पहिलं काम केंतोंगान," गुरुजी म्हणाले. चावडीवर फणसाचा ओंडका पोखरून टांगलेला आहे, तो केंतोंगान. "तीन-तीन ठोके. पाण्याचे ठोके सगळ्यांना ओळखीचे. मग अध्यक्षांची परवानगी. मग म्बाह चावी बंद करतील."

सगळं गाव तिला म्बाह म्हणे, आजीला म्हणावं तसं.

"गुरुजी, आधी चावी, मग ठोके," वागियेम म्हणाली.

"अहो म्बाह, आधी माणसांना सावध करायचं असतं."

"तीन-तीन ठोक्यांनी कोण सावध होतंय? बादल्या घेऊन पळतात सगळे."

"म्बाहला चावीशिवाय काही सुचतच नाही," सुलस्मी म्हणाली. तिचं घर गावात सगळ्यात वर, टाकीवरून उतरताना पहिलं. "उशाशी घेऊन झोपत असेल!"

"झोपते की. तुझ्या नवऱ्यासारखी घोरत तरी नाही ती."

सभा हसली, आणि गुरुजींचं लिहिलेलं तसंच राहिलं.

परीक्षेला हप्सारीबाई मोटारसायकलवरून आल्या, हेल्मेट काढलं, चहाला नको म्हणाल्या आणि चावडीवर घड्याळ बघून बोलल्या, "टाकीत औषध पडलंय असं समजा. लागा कामाला."

वागियेम वर टाकीपाशी होती. ठोके ऐकू आले, तीन-तीन. आणि पाठोपाठ खालून बादल्यांचा खणखणाट. उन्हाळ्यात टाकी धुवायची असली की हेच ठोके पडत. पाणी जाणार, भरून घ्या. वर्षानुवर्षं गावाच्या कानाला तेवढंच माहीत. टाकीच्या काचनळीतलं पाणी तिच्या डोळ्यांदेखत उतरायला लागलं. अख्खं गाव हौद भरत होतं. परवानगीचा फोन वाजेना. ती थोडा वेळ थांबली, मग तिने नवऱ्याचं नाव घेतलं आणि चावीचे बावीसच्या बावीस आटे आवळले.

धापा टाकत ती सुलस्मीच्या अंगणात उतरली, तेव्हा हप्सारीबाई न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या.

"काठोकाठ भरला, बाई!" सुलस्मी कौतुकाने हौद दाखवत होती.

"तुम्ही विष भरून ठेवलंत," बाई म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहू लागल्या. शेजारी उभ्या गुरुजींचा चेहरा उतरला. "पाणी सहा मिनिटांनी बंद झालं. कोणी सांगितलं बंद करायला?" बाईंनी वागियेमला विचारलं.

"कोणीच नाही," वागियेम म्हणाली. "पण बाई, हौदातलं पाणी चांगलं आहे. हे पाइपातलं आधीचं. टाकीतलं अजून वाटेत आहे."

"कशावरून?"

"दर वर्षी टाकी धुते. खाली सगळे नळ उघडे ठेवायला लावते, गढूळ पाणी सोडते आणि त्याच्याबरोबर डोंगर उतरते. या अंगणात मी आधी पोचते. पाणी माझ्यामागून येतं."

"हे कागदावर कुठे आहे?"

"माझ्या गुडघ्यांत आहे. दाखवू का?"

सुलस्मीने पिवळ्या भातासाठी हळद वाटून ठेवली होती, चांगली घागरभर. ती कुरकुरली, पण दिली. घागर गुरुजींच्या डोक्यावर चढली. चाळीस पानं लिहिलेला माणूस चढावर तीनदा बसला. वर वागियेमने आधी चावी उघडून पाइप पुन्हा भरू दिले. खाली घरोघरी नळ सोडले. मग टाकीत पाइपाच्या तोंडाशी हळद ओतली. गुरुजी फोनवर ओरडले, "ओतली!" आणि वागियेम निघाली.

अंगणात येऊन ती पायरीवर टेकली.

"आली का?"

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांची नजर घड्याळावर होती.

सगळे नळाकडे बघत राहिले. पाणी स्वच्छ. नऊ मिनिटं झाली, दहा झाली. सुलस्मी पुटपुटली, "माझी हळद गेली फुकट." तेराव्या मिनिटाला धार फिकट झाली, आणि बघता बघता पिवळीजर्द.

"आली गं बाई, आली!" सुलस्मीच आधी नाचली. "आज सगळं गाव नवरदेव!"

हप्सारीबाईंनी वहीतलं पान खोडलं. "सहा मिनिटांत बंद केलंत. सात मिनिटं हातात होती," त्या म्हणाल्या. "म्बाह, असं पाणी ओळखणारं माणूस मला बाकी कुठल्याच गावात भेटलं नाही."

वागियेमने पदर सारखा केला. गुरुजी वरून उतरले, हळदीने माखलेले. त्यांनी पहिलंच पान काढलं आणि सगळ्यांसमोर लिहिलं. आधी चावी, परवानगी नको. मग ठोके, आणि तेही नवे, पाच आणि दोन, म्हणजे नळाला हात लावू नका. खाली तेरा मिनिटांचा हिशेब लिहिला, आणि तो कोणाचा, तेही.

गाव पास झालं. टाकी गावाकडेच राहिली, चावी वागियेमकडे. शेजारच्या चार गावांची माणसं तिच्याबरोबर डोंगर उतरायला आली. ती त्यांना पुढे घालून मागून चालायची आणि हळू चालणाऱ्याला म्हणायची, "उचल पाय, पाणी गाठेल!"

त्यानंतर सहा वर्षांनी, सूरो या वर्षाच्या पहिल्या महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी वागियेम वारली. तिचं वय एक्याऐंशी होतं.