महागाई थांबवणारी टोपली

मोताळ्याच्या आठवडी बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा स्थिरानंद महाराजांच्या मंडपात जास्त गर्दी होती. महाराजांनी महागाई थांबवली होती. भल्याभल्या तज्ज्ञांना न जमलेलं काम त्यांनी एका टोपलीत करून दाखवलं होतं. तेल, तूरडाळ, साखर, चहा आणि साबण भरलेली 'अक्षय टोपली' गेल्या वर्षी तीनशे रुपयांना होती, यंदाही तीनशेलाच. पहिली टोपली काचेच्या पेटीत दर्शनाला ठेवली होती. लोक तिला हात जोडत आणि नवी विकत घेऊन जात.

या चमत्काराचं पहिलं फळ मिळालं निवृत्तीशेठना. टोपल्या त्यांच्याच दुकानात भरल्या जात. त्यांच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायांनी मजुरी वाढवून मागितली, तेव्हा त्यांनी मंडपाकडे बोट दाखवलं. भावच वाढले नाहीत, तर मजुरी काऊन वाढवायची, असा त्यांचा सवाल. बाया जुन्याच मजुरीवर कामाला लागल्या.

त्यांच्यातल्याच जनकाबाईंच्या घरी मात्र टोपलीतली डाळ महिना संपायच्या आतच संपू लागली. त्यांनी महाराजांना कारण विचारलं. महाराजांनी डोळे मिटले आणि घरातच कोणीतरी बरकत खाणारं आहे, असं सांगून टाकलं. घरात माणसं तीन: जनकाबाई, त्यांचा मुलगा आणि सून मयुरी. आळ कोणावर गेला हे सांगायला नको. मयुरी नांदुऱ्याला माहेरी निघून गेली.

तिथे तिच्या माहेरच्या शेजारी धम्मशीला राहायची. ती कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, की ती टोपली कोणी कधी तोलून पाहिली का.

पुढच्या बाजाराच्या दिवशी एका भाजीवाल्याचा काटा घेऊन धम्मशीला मंडपात उभी राहिली. महाराजांनी हसून सांगितलं, की दैवी वस्तू तोलायची नसते, तोलली की ती रुसते. तेव्हा गर्दीतून जनकाबाई पुढे आल्या.

"महाराज, डाळ तं तोलता येते ना? त्या डाळीपायी माही सून घरातून गेली."

पेटी उघडावी लागली. जुन्या टोपलीत डाळ अर्धा किलो होती. नव्या टोपलीत साडेतीनशे ग्रॅम, तीही स्वस्तातली लाखोळी डाळ मिसळलेली. तेलाची पिशवी लिटरवरून पाऊण लिटरवर आली होती. साबण तर उपास केल्यासारखा दिसत होता. माल सूक्ष्मात गेला, असा खुलासा महाराजांनी केला, पण तो कोणाच्या गळी उतरेना.

"महागाई मोजायची तं टोपलीतला माल तोच आन् तेवढाच ठेवा लागते, मंग त्याचा भाव पाहा लागते," धम्मशीला म्हणाली. "इथं भाव बांधून ठेवला आन् माल कापला. आन् यात एसटीचं भाडं कुठं हाये? दवाखाना, पोराची फी कुठं हाये? ज्याच्यावर घरचा खर्च जास्त, त्याले मोजणीत वजनबी जास्त द्या लागते."

मग तिने जुन्या टोपलीइतकाच माल आजच्या भावाने जोडून दाखवला. तीनशेत तो कुठेच बसत नव्हता.

महाराजांना दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं. बाया मात्र तिथून थेट निवृत्तीशेठच्या दारात गेल्या. वेचणीला आलेला कापूस शेतात उभा होता, आणि वाढीव मजुरीशिवाय बाया त्याला हात लावेनात. शेठना मजुरी वाढवावी लागली.

जनकाबाई नांदुऱ्याला गेल्या. "मी चुकले, मयुरी. तुले विचारलंबी नाही न् चोर ठरवलं," त्या म्हणाल्या. मयुरीने आपली पिशवी भरली. नंतर दोघी एकाच बसने परतल्या.

तेव्हा महागाई थांबली, असं कोणी मंडपातून सांगो की मंचावरून, हात जोडण्याआधी विचारा: माल तोच आहे का, तेवढाच आहे का, आणि आमच्या खर्चातलं तुम्ही काय गाळलं? एवढं विचारायला कोणाच्या कृपेची गरज लागत नाही.