शिंगं रंगवलेला बेस

मी एक बेस गिटार. विजेवर वाजणारा, चार तारांचा, जन्मानं जपानी आणि संगतीनं नागपूरच्या इंदोऱ्याचा. घरी आलेला प्रत्येक पाहुणा आधी माझ्या तारा मोजतो आणि हळहळून विचारतो, "दोन तुटल्या का?" बाबांनो, तुटल्या नाहीत. मला त्या कधी नव्हत्याच.

तरुणपणाचं फार सांगत नाही. कारखाना, जहाज, मुंबईचं एक दुकान आणि मग प्रेमानंद. हा हिंगण्याच्या कंपनीत कामाला. पाळी संपली की मला पाठीला बांधून मोटारसायकलवर निघायचा. लग्नं, जयंतीचे मंच, वस्तीतले ऑर्केस्ट्रा, सगळीकडे आम्ही वाजलो. लोक ठेका माझ्यावर धरायचे आणि टाळ्या गाणाऱ्याला द्यायचे. मला त्याचं काही वाटत नसे. खोटं कशाला बोलू, वाटायचं.

पुढे की-बोर्डवाला डाव्या हातानं माझं काम करू लागला आणि ऑर्केस्ट्रानं आम्हाला नारळ दिला. प्रेमानंदनं मला चादरीत गुंडाळून दिवाणाखाली सरकवलं. शेजारी गव्हाचं पोतं आणि एक बिघडलेला मिक्सर. बरीच वर्षं आम्हा तिघांना कुणी हाक मारली नाही.

मग जितेंद्र मला पारखून विकत घ्यायला आला. मिहानमधल्या कंपनीत नोकरी आणि छंद जुने बेस जमवण्याचा. ते तो एसीच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवतो. "वाजवत नाही, काका. हात लावला की किंमत उतरते," असं तो प्रेमानंदला अभिमानानं म्हणाला. ते ऐकून मी गारच पडलो. दिवाणाखाली निदान आशा होती, काचेमागे तीही नाही. या परीक्षेत आपण नापास व्हावं, एवढीच इच्छा उरली.

पण जितेंद्रची परीक्षा उलटी होती. त्यानं स्क्रू काढून माझी मान वेगळी केली आणि तिच्या बुडाशी उमटवलेलं साल वाचलं. चारचौघांत मान काढून वय बघतात का कुणाचं? मग प्रवासी बॅगा तोलायच्या काट्याला मला लटकवलं. टॉर्च लावून पोटातल्या तारांचे जोड पाहिले, ते कुणी उघडले नव्हते म्हणून खूश झाला. प्रेमानंद एकेका ओरखड्याची माफी मागत होता आणि हा प्रत्येक ओरखड्यावर मान डोलवत होता.

"हा डाग ओरिजिनल आहे का?"

"नाही जी, तो इस्तरीचा आहे," प्रेमानंदची बायको सरिता म्हणाली. मग त्याचा उजळलेला चेहरा पाहून तिनं विचारलं, "अजून पायजे काय? इस्तरी गरमच आहे."

"नको, नको! काहीच करू नका. पुसूसुद्धा नका. शनिवारी येऊन भाव ठरवतो," असं बजावून जितेंद्र गेला. मी पास झालो होतो.

मला वाचवलं चंपतरावांनी. हे समोरच्या घरातले. उभं आयुष्य बैलबाजारात दलाली करण्यात गेलेलं. सौदा म्हटलं की त्यांना राहवत नाही. ते आले, मला उताणा केला, खुंट्या दातांसारख्या चाचपल्या, पाठीवर भोवरा शोधला.

"पुसू नका म्हणते काय? मंग तो भाव पाडून राहिला गा, प्रेमानंदा. मळका बैल कोणी बाजारात नेते काय? आन् हे पाय, एक शिंग लांब, एक आखूड. लय मोठं व्यंग हाय."

माझ्या अंगाला वर दोन टोकं आहेत, ती कमीजास्त असतातच. चंपतरावांनी आरी आणायची गोष्ट काढली तेव्हा माझ्या चारही तारा थरथरल्या. सरितानं आरीला नकार दिला. रंगाला मात्र कुणी नाही म्हटलं नाही. पोळ्याला बैल रंगवून उरलेले रंगाचे डबे निघाले. अंग लाल, शिंगं हिरवी, मानेला गोंडे.

शनिवारी जितेंद्र दारात आला तोच चंपतरावांनी त्याचा हात आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली धरला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, बोटं दाबून सांगतात. जितेंद्रला वाटलं, ते हात मिळवतायत. तेवढ्यात प्रेमानंद मला घेऊन बाहेर आला.

दुपट्टा खाली पडला.

"काका... मूळ रंग होता हो तो!"

"मूळ रंग आतच हाय ना, बापू," चंपतराव म्हणाले. "कुठं जाते?"

जितेंद्र नखानं लाल रंग खरवडून पाहू लागला. सरितानं दिलेलं पाणी प्यायला, आता याला काही अर्थ नाही म्हणाला आणि गेला. मला त्याची दया आली. आनंद त्याहून जास्त झाला.

"आवाज तरी उरला का, पाहतो," प्रेमानंद पुटपुटला. जुना स्पीकर काढला, वायर जोडली. त्याची बोटं आखडली होती, पहिला सूर चक्क चुकला. दुसरा लागला. तिसऱ्याला स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी थरथरली आणि सरिता कणकेच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. तो ओशाळून थांबला.

"काहून थांबले? किती वर्षं वाट पाहून राहिली मी!"

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुम्हीच दिवाणाखाली टाकलं त्याले. मले वाटलं, तुमचं मन उडालं."

प्रेमानंदनं पुन्हा वाजवायला घेतलं. उंबऱ्यातून चंपतराव म्हणाले, "सांगितलं होतं ना, रंगानं फरक पडते!"

तर असा मी. लाल, हिरवा, गोंडेवाला. जाणकारांच्या लेखी मी आता कवडीमोल आहे आणि इतका सुखी मी कधीच नव्हतो. तुमच्या घरी दिवाणाखाली असा कुणी पडला असेल, तर त्याचं साल नंतर बघा, आधी वायर जोडा. आणि मला भेटायचं असेल तर रविवारी दुपारी या. फक्त दार हळू लोटा. माणूस दिसला की प्रेमानंद अजूनही लाजून थांबतो.