मांडीवरची परीक्षा

जुळ्या नातींपैकी धाकटीला दुपारी औषधाचे थेंब द्यायचे असतात. थोरलीला ते मुळीच चालत नाहीत. लेक कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला जाते, मी प्रार्थनेला. घरी उरतात आमचे हे, आणि ह्यांची नजर गेलेली. खुणेचा दोरा बांधला तर थोरली तो ओढून तोंडात घालते.

"मांडीवर घेतली की मला कळतं, कोण ती," हे म्हणाले.

"बाबा, डोळे मिटून अंदाज केला तरी निम्म्या वेळा बरोबर येतो."

"म्हणजे बापावर विश्वास नाही!"

"असं कसं? पण तुम्हाला कळत असून मी नाही म्हटलं, तर तुम्ही रुसाल. कळत नसून हो म्हटलं, तर थेंब थोरलीच्या पोटात. कुठली चूक जड?"

"घे बाई परीक्षा."

लेकीने नाणं उडवून क्रम ठरवला. माझं दुपारपर्यंत मौन असतं. "आई काही बोलून जाणार नाही," म्हणत बाळं द्यायचं काम तिने माझ्याकडे दिलं. आठही वेळा ह्यांनी अचूक सांगितलं!

"नुसत्या अंदाजाने हे अडीचशे खेपांत एकदा जमेल," लेक हरखली. "बाबा, थेंब तुमचे!"

ह्यांचा चेहरा फुलला, पण मला माझा हात आठवला. धाकटी नाजूक, म्हणून तिला देताना माझा हात तिच्या मानेखाली जरा रेंगाळतो. आता गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणंच.

"अगं, ह्यांनी बाळांना नाही, मला ओळखलं," मी मौन मोडून म्हणाले आणि हाताचं सांगितलं.

"इतक्या वर्षांचा सराव आहे," हे पुटपुटले.

मला बाहेर बसवून लेकीने पुन्हा परीक्षा घेतली. आठांत पाच.

"नापास," हे म्हणाले.

"नाही हो. कळतं असं ठरलं नाही, एवढंच. कळत नाही, असंही कुठे ठरलंय? पण एवढ्यावर औषध नाही सोपवता येणार."

ह्यांनी धाकटीचं पाऊल मुठीत धरून ठेवलं होतं. मला बघवेना. "डॉक्टरांना विचारू," मी म्हणाले. "चालणार असेल तर मी निघायच्या आधीच देऊ. मी धाकटीला ह्यांच्या मांडीवर ठेवते, ड्रॉपर भरून देते. पाजायचं ह्यांनी."

"मग थेंब माझेच ना?" ह्यांनी लेकीला विचारलं.

"तुमचेच, बाबा. आईच्या हातांसकट."