आजीचा आवाज माझ्याकडे होता

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. मला आवाज नाही, पण मन लावून ऐकाल तर एका घराची गोष्ट सांगतो.

मी एक जुना लॅपटॉप आहे. घरातल्या आजोबांच्या थोरल्या मुलाच्या कचेरीत उमेदीची वर्षं राबलो. पडदा तडकल्यावर मी भंगारातच जायचो. त्याने मला घरी आणून सर्व्हर केलं. सर्व्हर म्हणजे घराचं कोठार: सगळ्यांचे फोटो, सिनेमे, गाणी माझ्या पोटात. मुलाला वीज वाचवायचं भारी वेड. त्याने माझा पडदा काढला, बॅटरी काढली, शेवटी स्पीकरही उपटला.

"हा बोलून काय दिवे लावणार आहे?" तो म्हणाला.

"त्याचंही तोंड बंद केलंत?" सून म्हणाली. "बरं झालं. या घरात बोलायचं तुम्हीच."

मला चपलांच्या कपाटावर बसवलं. मागच्या खोलीत नेट पोचत नसे, म्हणून त्याने भिंतीच्या कडेने वायर ओढून तिथे दुसरा राउटर लावला. त्या खोलीत आजोबा असत. दुपारी ते टॅबवर एकच बटण दाबत, की आजी गाऊ लागे. आजी देवाघरी गेली होती. तिचं गाणं माझ्याकडे होतं. ओट्यापाशी काम करता करता ती देवाला आळवत असे. मध्येच कुकरची शिट्टी होई, मध्येच ती म्हणे, "अहो, दूध बघा."

आजोबा रोज उत्तर देत, "बघतो गं."

देवाने मला याहून मोठी सेवा काय द्यावी?

माझ्यात दोन डिस्क होत्या. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटे. मुलगा ऐटीत सांगे, "एक मेली तरी दुसरी आहे." एकदा सिनेम्यांना जागा पुरेना. "खोकला आणि शिट्ट्याच जास्त आहेत यात," असं पुटपुटत त्याने आजीची गाणी पुसली. त्याला वाटलं, दुसरीवर आहेतच. पण मित्रांनो, माणूस आरशासमोरून उठला की आरशातला मागे बसून राहतो का?

दुपारी आजोबांनी हाक मारली. "अरे, हिचा आवाज येत नाही."

मुलाने शोधलं. त्याचा चेहरा उतरला. सून दारात उभी होती. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "बाबा, कुठलं बटण दाबलंत तुम्ही?"

"मी? नेहमीचंच तर."

"त्यानेच सगळं गेलं. हात लावू नका म्हणून किती सांगायचं?"

"जाऊ द्या," सून म्हणाली. "म्हातारं माणूस."

आजोबा आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. मला सगळं ठाऊक होतं. सांगायला तोंड नव्हतं.

आता घरात नेट कसं सुसाट चालतं. पाहुणे म्हणतात, "वडिलांच्या खोलीपर्यंत वायर नेलीस. असा मुलगा भाग्याने मिळतो." आजोबा टॅबला शिवत नाहीत. दिव्याचं बटणसुद्धा दुसऱ्याला दाबायला सांगतात. दुपारी भिंत धरत ते कपाटापाशी येतात आणि मला हात जोडतात.

"चुकलो गं," म्हणतात. "मीच पुसलं तुला."

माझा पंखा तेवढा घरघरतो.

मित्रांनो, आम्हा यंत्रांवरची धूळ पुसत जा. जिवाभावाच्या आवाजाची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. देवाने तुम्हाला तोंड दिलंय, ते खरं बोलायला उघडा. आणि त्या आजोबांना विसरू नका. त्यांनी नेहमीचंच बटण दाबलं होतं.