होयबा काकांचा करार

काकांच्या छापखान्यातलं पायाने चालवायचं यंत्र चिमीचं होणार, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. "मी थांबलो की यंत्र तुझंच," असं काका चारचौघांत म्हणाले होते. तेव्हापासून त्यांच्या या वीस वर्षांच्या पुतणीचे पाय जमिनीवर नव्हते.

आणि आज सकाळी भंगारवाल्याचा फोन आला. "टेम्पो निघालाय काका, यंत्र मोकळं करून ठेवा."

"काका, त्यालाही हो म्हणालात?"

"तोंडावर नाही कसं म्हणायचं गं?" काका छपाईच्या अक्षरांच्या, खिळ्यांच्या खणात बघत पुटपुटले. गल्ली त्यांना होयबा म्हणे, ते उगीच नव्हे.

चिमी धावतच वरच्या मजल्यावर वकील आत्याकडे गेली. "आत्या, दावा लाव! शब्द दिलाय त्यांनी!"

"बदल्यात तू काय दिलंस?"

"मी? काहीच नाही."

"मग ती माया झाली, करार नाही. कोर्ट मायेची वसुली करून देत नाही."

 आत्या चपला अडकवून तिच्याबरोबर खाली उतरली. "दादा, भंगारवाल्याशी किंमत ठरली?"

"छे! 'बघू नंतर' म्हणाला."

"काही घेतलंस त्याच्याकडून?"

"एक चहा."

"म्हणजे तेही हवेतच. चिमे, तुझ्यासारखाच त्याचाही काही हक्क नाही."

काका ताडकन उठले. "मग मला बांधा की! समोर माणूस बदलला की माझा शब्द बदलतो. कागदावर अडकवा मला!"

"बदल्यात काय हवं ते बोल."

काकांनी यंत्राच्या चाकावर हात ठेवला. "शाळेच्या पुस्तिकांचं अर्धवट काम हिने पुरं करायचं. आणि दर शनिवारी यंत्र मी चालवणार."

"कबूल!" चिमी किंचाळली.

"घाई नको. पुस्तिका कधीपर्यंत? यंत्राचा ताबा केव्हा?" आत्या एकेक वदवून घेत भराभर लिहीत होती. "पुस्तिका महिनाअखेर, ताबा आत्ता. वाचा, पटलं तरच सही करा."

शेजारचा शिंपी गळ्यातल्या टेपसकट साक्षीला आला. चिमीने आधी सही केली. काकांनी आपली सही उरकली आणि बाहेर हॉर्न वाजला.

"चला काका, उचलू?" भंगारवाल्याने बाह्या सावरल्या.

काका यंत्र आणि दार यांच्यामध्ये उभे राहिले. 

"तुला उगीच हेलपाटा घातला, माफ कर. पण यंत्र आता हिचं झालंय. देता येणार... नाही."

"अहो, शब्द दिला होतात!"

"दिला होता. चुकलंच माझं. तरी नाही."

भंगारवाला बडबडत टेम्पोत चढला. काकांचा चेहरा लालबुंद झाला होता, डोळे चमकत होते. "ऐकलंत? मी नाही म्हणालो! दोनदा!" ते दारात धावले आणि रस्त्याकडे ओरडले, "नाही म्हणजे नाही!"

"पुरे रे दादा, तो वळला कधीच," आत्या म्हणाली. पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही. चिमीने यंत्र सुरू केलं होतं.